आवाज गिअरबॉक्सचा, दुखणं रबराचं

सिग्नल सुटतो. तुम्ही पहिला गिअर टाकता, क्लच सोडता आणि गाडीच्या पोटातून 'धप्प' असा आवाज येतो. कुणीतरी आतून लाथ मारल्यासारखा. शेजारी बसलेले बाबा वळून बघतात. "क्लच हळू सोडत जा, किती वेळा सांगायचं?"

आमच्या घरी हा डायलॉग दीड महिना चालला. मला खरंच वाटायला लागलं होतं की, माझंच ड्रायव्हिंग वाईट आहे. मग एका रविवारी बाबा स्वतः चालवायला बसले आणि सोसायटीच्या गेटमध्येच धप्प! माझी सुटका झाली, पण टेन्शन वाढलं. गाडी 11 वर्षांची, 92 हजार किलोमीटर चाललेली. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि खाली उतरत म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लच प्लेट तर जाणारच. आत बेअरिंग गेलं असेल तर त्याचे वेगळे." अंदाजे खर्च 24 हजार.

त्या रात्री बाबांनी जुन्या गाड्या घेणाऱ्याला फोटो पाठवले. आई काहीच बोलली नाही. गेली चार वर्षं ती याच गाडीतून रोज दुपारी 30 डबे पोचवते. गाडी गेली तर डबे स्कूटरवर जाणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडी वाचली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. पार्किंगमध्ये मी त्यांना सगळी स्टोरी सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फाउंडेशन बघितलं का कुणी?"

मला फाउंडेशन म्हणजे मेकअपचं माहीत. तुम्हालाही तेच आठवलं ना? तर ऐका.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले असतात आणि हा सगळा जड गठ्ठा गाडीच्या सांगाड्यावर तीन-चार ठिकाणी टेकवलेला असतो. थेट लोखंडावर लोखंड नाही, तर मध्ये जाड रबर असतं. या रबरी टेकूला पुस्तकात माउंट म्हणतात, दुकानात माउंटिंग आणि गॅरेजमध्ये फाउंडेशन. गिअरबॉक्सच्या बाजूला जे असतं ते गिअरबॉक्स फाउंडेशन.

रबर कशाला? साधा हिशोब करा. आमच्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं. नुसतं चालू ठेवलं तरी मिनिटाला साधारण 800 फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला 1200 आणि सेकंदाला 20 छोटे स्फोट, तेही गाडी जागेवर उभी असताना. एवढे हादरे थेट सीटपर्यंत आले असते तर कानाला इअरफोन लावून गाणी ऐकायची सोयच उरली नसती. 1931 मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर बसवलं आणि 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव देऊन त्याची जोरात जाहिरात केली. आज त्याचं कुणाला काही वाटत नाही. ते रबर फाटेपर्यंत.

रबराचं दुसरं कामही आहे. इंजिन चाकांना एका दिशेने फिरवतं तेव्हा ते स्वतः उलट दिशेला पीळ खातं. तो पीळ ही फाउंडेशन्स अडवतात. उष्णता, गळणारं तेल, खड्डे आणि वय यांनी रबर कडक होतं, चिरतं, लोखंडापासून सुटतं. मग क्लच सोडला की अख्खा गठ्ठा उसळतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं. तीच ती लाथ.

आता टेस्ट. दोन माणसं लागतात आणि जेमतेम दहा मिनिटं. गाडी सपाट जागी, पुढे-मागे कुणी नाही, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडा. एकाने आत बसून इंजिन चालू करायचं, ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच फक्त इतकाच सोडायचा की गाडी ओढायला लागल्यासारखी वाटेल. लगेच परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून 'डी' आणि 'आर' एवढंच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनाकडे बघायचं. बाजूला म्हणजे बाजूलाच. गाडीसमोर उभं राहायचं नाही. ओढणी, मोकळे केस, हात हे सगळं पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. एक-दोनदा पुरे, उगाच क्लच जाळू नका.

इंजिन थोडं हललं तर ते नॉर्मल आहे, रबर आहे म्हटल्यावर हलणारच. आमचं मात्र उठून बसल्यासारखं झालं आणि धप्पकन् खाली आलं. आई आत बसली होती, ती म्हणाली, "अगंबाई, हे रोज असं होतं?"

मग इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन काकांनी टॉर्च मारला. मी उत्साहात भलत्याच रबराकडे बोट दाखवलं. ते उजवीकडचं इंजिनाचं फाउंडेशन होतं आणि ठणठणीत होतं. "पोरी, आवाज कुठून आला ते आठव, मग बघ," काका म्हणाले. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स डावीकडे, बॅटरीच्या खाली. तिथे बघितलं तर रबर आरपार फाटलेलं आणि मधला लोखंडी गाभा चक्क खाली टेकलेला. फट इतकी की करंगळी गेली असती. मोठ्या गाड्यांत काही फाउंडेशनच्या आत द्रव भरलेला असतो. तिथे रबराखाली ओघळाचे काळे डाग दिसतात का, तेही बघायचं.

प्रत्येक धक्का फाउंडेशनचाच असतो असं मात्र नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकातून 'कट कट' येत असेल तर ॲक्सल जॉइंट. चढावर इंजिन बोंबलतंय पण गाडी पळत नाही, तर क्लच. हायवेवर 80-90 ला स्टिअरिंग थरथरतं आणि हळू गेलं की थांबतं, तर चाकांचं बॅलन्सिंग. इंजिन अडखळत थरथरतंय आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, तर प्लग-कॉइलकडे बघा. फाउंडेशनची खूण म्हणजे गिअरमध्ये ओढ घेताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना येणारा एकच दणका, आणि त्याच वेळी गिअरचा दांडा पुढेमागे नाचणं. आमचा दांडा महिनाभर नाचत होता. मला ते क्यूट वाटायचं!

पार्ट आणायला मी नाना पेठेत गेले. जाताना गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल आणि आरसी बुकवरचा चासिस नंबर घेऊन जा, नाहीतर तीन चकरा होतील. ओरिजिनल 1350 रुपयांना, लोकल 600 ला. आम्ही ओरिजिनल घेतलं. पॉलियुरेथेनचं कडक फाउंडेशन 'रेसिंगवाले वापरतात' म्हणून कुणी गळ्यात मारेल. ते टिकतं, पण थरथर केबिनमध्ये येते. डब्यातली आमटी सांडणारच.

बदलायला दीड तास लागला, त्यातला अर्धा तास गंजलेल्या एका बोल्टने खाल्ला. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका, जाणतं माणूस सोबत हवंच. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर. मग गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा. इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा नाही, पत्रा दबतो. गाडी उचलायची नसते, फक्त गिअरबॉक्सचं वजन जॅकवर येईल इतकंच. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, पाच सेकंदांसाठीसुद्धा नाही. हे वाक्य काकांनी तीनदा म्हटलं, म्हणून मी एकदा लिहितेय.

जुनं निघाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघितली. नव्याचा गाभा बरोबर मध्यावर, जुन्याचा एका बाजूला लोंबलेला. नवीन लावताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे बसवून घ्यायचे. एक घट्ट केला की बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत. मग जॅक जरा वर-खाली करून भोकं जुळवायची आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळायचं. किती आवळायचं तो आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. अंदाजाने पिळलं तर आटे जातात.

गॅरेजवाला फसवत होता का? घरात यावर अजून वाद आहे. बाबा म्हणतात हो. मला वाटतं, आम्हीच जाऊन सांगितलं होतं, "गिअरबॉक्समधून आवाज येतोय." त्याने तोच धागा पकडला. म्हणून तुम्ही गेलात तर निदान सांगू नका, लक्षणं सांगा. आवाज कधी येतो, कुठल्या गिअरला, थंड गाडीत की तापल्यावर, सरळ रस्त्यावर की वळताना. आणि गिअरबॉक्स उतरवायची भाषा निघाली की विचारा, "दादा, आधी फाउंडेशन दाखवता का?" दाखवायला काही खोलावं लागत नाही. टाळाटाळ झाली तर किल्ली परत घ्या.

जुन्या गाड्या घेणाऱ्याचा नंतर दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा आईने उचलला.

परवा काकांनी परत टॉर्च मारला. मागच्या बाजूचं छोटं फाउंडेशनही चिरायला लागलंय. पुढचं फाटल्यापासून सगळा भार त्याच्यावर येत होता. रविवारी सकाळी आठला पार्किंगमध्ये बोलावलंय. या वेळी बोल्ट मी खोलणार आहे, काका फक्त टॉर्च धरणार आहेत.