तलावाचा तळ दिसतो का?

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यात कॅल्शियम जास्त असतं. पोहण्याच्या तलावात ते, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात मोजलं तर, लिटरमागे साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम असावं.

कमी असेल तर पाणी फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. सुटलेली फरशी पायाला कापते. कॅल्शियम आणि पीएच दोन्ही वाढले तर पांढरा थर बसतो, फिल्टर तुंबतो, पाणी गढूळ होतं. मग तळाशी गेलेलं लेकरू वरून दिसत नाही. आम्हाला भीती आहे ती याची.

बोअरचं पाणी अनेकदा आधीच जड असतं. कॅल्शियम हायपोक्लोराइट टाकत राहिलं की कॅल्शियम आणखी वाढतं. ते कमी करायला थोडं पाणी काढून कमी जड पाणी भरावं लागतं. पीएच 7.2 ते 7.8 ठेवावा, त्यावर गेला की क्लोरीनचा जोर ओसरतो.

तलावावर काम करणाऱ्या आपल्या पोरांनो, क्लोरीनची पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये नको. हातमोजे आणि गॉगल मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

आणि आयांनो, तळ स्पष्ट दिसत नसेल तर लेकरांना पाण्यात उतरवू नका. त्या दिवशीच्या पाणीतपासणीची नोंद दाखवा म्हणा.