भूमी, वनस्पती आणि किरणोत्सार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात गंगातीरी, कांपिल्य नगरीजवळच्या वनात फिरताना पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात. पुढे त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव तसे राहणार नाहीत. भूमी बिघडल्याचे काही लक्षण दिसेल, असे तेथे गृहीत आहे. किरणोत्सारी दूषणाला मात्र रंग, गंध, रस काहीच नाही. वैद्याची पाचही ज्ञानेंद्रिये तेथे थिटी पडतात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अणुवीजकेंद्र नाही. महाराष्ट्रात तारापूरचे केंद्र १९६९ पासूनचे. ट्रॉम्बे येथील सायरस ही संशोधन अणुभट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. भट्टी बंद झाली म्हणून परिसराची तपासणी थांबत नाही, कारण सीझियम-१३७ निम्मे होण्यास सुमारे तीस वर्षे लागतात. गवत, भाजीपाला, दूध, माती यांचे नमुने ठराविक ठिकाणांहून पुन्हा पुन्हा घेतले जातात. सीझियम हे पोटॅशियमच्या, तर स्ट्रॉन्शियम-९० हे कॅल्शियमच्या वाटेने वनस्पतीत शिरते. म्हणूनच पोटॅशियम कमी असलेल्या, पालापाचोळ्याच्या आम्लधर्मी वनभूमीत सीझियमचे शोषण अधिक होते. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर (एप्रिल १९८६) युरोपातील रानफळे व अळंबी यांत ते दीर्घकाळ आढळत राहिले, ते यामुळेच. शेतातल्या पिकापेक्षा रानातले द्रव्य अधिक दूषित, ही गोष्ट वनौषधी वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी विसरू नये.

अधिक बोलके उदाहरण जपानचे आहे. फुकुशिमाची दुर्घटना मार्च २०११ मधील. त्याच वर्षी तेथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या शिझुओका प्रांतातील काही वाळवलेल्या चहात किलोमागे ५०० बेक्वेरेल या तत्कालीन मर्यादेपेक्षा अधिक सीझियम सापडले. जुन्या पानांवर पडलेले द्रव्य झुडपाने शोषून नव्या कोवळ्या पानांत नेले होते. शिवाय पान वाळले की पाणी जाते, सीझियम तेवढेच राहते. म्हणजे वजनाच्या हिशेबाने ते कित्येक पट वाढते. त्यामुळे अहवालातला आकडा ओल्या वजनाचा की सुक्या, हे विचारल्यावाचून तो वाचण्यात अर्थ नाही. पुढे एप्रिल २०१२ पासून जपानने हिरव्या चहाची मर्यादा प्यावयाच्या चहावरच ठरविली : किलोमागे १० बेक्वेरेल.

येथे आमचे लक्ष काढ्याकडे जाते. अळंबी उकळून पाणी फेकून दिले तर बरेचसे सीझियम पाण्याबरोबर जाते, कारण ते पाण्यात विरघळते. आपण क्वाथ आणि फांट करताना नेमके उलटे करतो : चोथा टाकतो व पाणी रुग्णास देतो. चूर्णाचा आणि क्वाथाचा विचार म्हणूनच वेगळा हवा.

दुकानात गायगर यंत्र आणून पोत्यांवर फिरविण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, असे आमचे मत आहे. प्रत्येक वनस्पतीत नैसर्गिक पोटॅशियम-४० असतेच. नेमके मोजमाप नमुना वाळवून, कित्येकदा बेताच्या उष्णतेवर त्याची राख करून (उष्णता फार वाढली तर सीझियम उडून जाते, भस्म करणाऱ्यांस हे सांगावयास नको) जर्मेनियमच्या शोधकावर होते. स्ट्रॉन्शियमला तेही पुरत नाही, रासायनिक पृथक्करण लागते.

आपल्या जिल्ह्याची चिंता वेगळी आहे, पण प्रश्न तोच. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच महिन्यांत त्याच धुऱ्यांवर पुनर्नवा, माका, आघाडा, भुईआवळी उगवते, आणि काही पोती आपल्याकडे येतात. विषाने उपहत झालेली औषधी घेऊ नये, असे सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात सांगितलेच आहे. माल घेताना पोत्यावर गाव, रान की धुरा, आणि तोडणीचा महिना एवढ्या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रयोगशाळेला पुढचा प्रश्न विचारता येतो तो त्यानंतरच.