विश्लेषण : वीजपुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरमधील ‘कॅथोड स्पॉट’ म्हणजे काय?

वीजवाहिनीवर शॉर्टसर्किट झाले की हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात तोडावा लागतो. 11 आणि 33 हजार व्होल्टच्या उपकेंद्रांत हे काम आता बहुतेक ठिकाणी व्हॅक्युम सर्किट ब्रेकर करतो. विद्युत रेल्वे इंजिनाच्या छतावरही तो असतो. त्याचे यशापयश केसाच्या जाडीहून लहान अशा तेजस्वी ठिपक्यांवर ठरते.

निर्वातात वीज वाहते कशी?

ब्रेकरच्या हवाबंद नळीत तांबे-क्रोमियमचे दोन संपर्क असतात. ते विलग होताना शेवटच्या स्पर्शबिंदूवरील धातू वितळून त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रवाह सुरूच राहतो. हाच ‘व्हॅक्युम आर्क’. ऋण बाजूच्या संपर्कावरील, म्हणजे कॅथोडवरील ज्या ठिपक्यांतून ही वाफ सतत निघते, ते कॅथोड स्पॉट.

हे ठिपके कसे वागतात?

तांब्यावरील एक ठिपका साधारण 100 अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह वाढला की ठिपका मोठा होत नाही, त्याचे दोन होतात. एक ठिपका सूक्ष्म खळगा मागे ठेवून विझतो आणि शेजारी नवा पेटतो. म्हणून तो पळताना दिसतो. चुंबकीय क्षेत्रात तर तो नेहमीच्या नियमाच्या उलट दिशेने सरकतो. योहानेस श्टार्क यांनी 1903 मध्ये हे नोंदवले. कारणाबाबत शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

आर्क विझतो कसा?

आपल्याकडील 50 हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. प्रवाह उतरू लागला की ठिपके एकेक करून विझतात. उरलेली वाफ संपर्कांवर आणि भोवतीच्या धातूच्या कवचावर गोठते. काही मायक्रोसेकंदांतच निर्वात पुन्हा वीज रोखू लागते.

मग अडचण कुठे येते?

प्रवाह साधारण 10 हजार अँपिअरच्या वर गेला, की आर्क एका जागी एकवटू शकतो. तेव्हा समोरचा संपर्कही वितळून वाफ सोडू लागतो आणि प्रवाह शून्यावर येऊनही आर्क पुन्हा पेटण्याचा धोका असतो. म्हणून संपर्कांना तिरप्या खाचा देतात. त्यामुळे प्रवाहाच्याच चुंबकीय क्षेत्राने आर्क गोल फिरत राहतो. दुसऱ्या रचनेत हे क्षेत्र आर्कच्या दिशेने ठेवून तो पसरलेला राखला जातो.

प्रवाह फार कमी असला तरी अडचणच. मोजक्या अँपिअरवर शेवटचा ठिपका तग धरत नाही आणि प्रवाह शून्यावर येण्याआधीच तुटतो. अशा वेळी मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत व्होल्टेज उसळून इन्सुलेशन निकामी होऊ शकते. तांब्यात क्रोमियम मिसळल्याने हे प्रमाण घटते. उरलेल्या धोक्यासाठी सर्ज अरेस्टर बसवतात.

अन्यत्र उपयोग काय?

ड्रिलच्या टोकांवरील सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा थर याच तंत्राने चढवता येतो. तेथे ठिपका विझवायचा नसतो, पेटता ठेवायचा असतो. त्यातून उडणारे वितळलेल्या धातूचे थेंब मात्र थर खडबडीत करतात.