पिन ज्याचा त्याचा, शहाणपण गावाचे



तुरीची पट्टी हल्ली पुष्कळदा खात्यावरच जमा होते. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपयेही तीन हप्त्यांनी खात्यावरच येतात. पैसा खात्यावर गेला, तसा चोरही त्याच्या मागोमाग गेला. पूर्वी त्याला भिंत फोडावी लागे. आता तो फोन करतो आणि दार आपल्याच हातून उघडवून घेतो.

त्याची रीत ओळखून ठेवा. तो माणसाला एकटे गाठतो आणि घाई करतो. कर्ती माणसे रानात गेलेली असतात, घरी म्हातारी आई असते. “हप्ता अडकलाय, लगेच केवायसी करा,” असे सांगून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल धाडतो. केवायसी खरोखरच करावी लागते, म्हणून त्याचे बोलणे पटते. दुसरा पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओवरच “अटक” करतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही.

आपल्या अक्कलकोट तालुक्यात आणखी एक अडचण आहे. पुष्कळ घरांत बोली कानडी, बाजारात मराठी आणि फोनवर येते हिंदी. धड न समजताच माणूस “हो, हो” म्हणून जातो. म्हणून हे शिक्षण घरच्या बोलीत आणि चारचौघांत झाले पाहिजे.

हे आपल्याला नवे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, तेव्हा प्रौढ माणसे गावोगाव एकत्र बसून अक्षरे शिकली. तसेच आज फोनसाठी बसावे. बचत गटाची बैठक, भजनाची रात्र किंवा देवळाचा पार, कोठेही चालेल. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी शिकवावे, वडीलधाऱ्यांनी न लाजता विचारावे.

पहिल्या बैठकीला एवढे पुरे:

१. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

२. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अ‍ॅपची फाईल उघडू नये. केवायसी सरकारी संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात जाऊन करावी.

४. आधारवर अंगठा लावून पैसे काढले की पावती मागावी व रक्कम वाचून घ्यावी. अंगठ्याला आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून कुलूपही लावता येते. मात्र जेथे अंगठा लागतो, तेथे जाण्यापूर्वी ते उघडावे लागते.

मग लुटुपुटीचा खेळ करावा. एकाने चोर होऊन फोन करावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, बाकीच्यांनी चूक दाखवावी. “घरी विचारून सांगतो,” असे म्हणून फोन ठेवण्याची सवय अशीच जिभेवर बसते.

एक पथ्य मात्र पाळा. एकत्र शिकायचे म्हणजे एकमेकांना पिन सांगायचा नाही. दुकानदाराला, शेजाऱ्याला किंवा शिकविणाऱ्या पोरालाही नाही. आईला आकडे जमत नसतील, तर तिला ते दाबायला शिकवा. तिचा पिन तुम्ही पाठ करू नका.

आणि एवढे करूनही कोणी फसलाच, तर त्याला हसू नका. लोक हसतील या भीतीने माणूस गप्प बसतो. तेवढ्या वेळात पैसा या खात्यातून त्या खात्यात पळतो आणि हाती लागत नाही. पहिल्या तासातच १९३० हा क्रमांक फिरवावा आणि बँकेलाही कळवावे. वेळेवर कळविले, तर पैसा वाटेतच अडविता येण्याची शक्यता असते.

तेव्हा येत्या बैठकीत हा विषय काढा. १९३० हा आकडा पारावर आणि प्रत्येक घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून तो चार वेळा म्हणवून घ्या.