प्रत्येक 'न्यू' म्हणजे नवी जागा नव्हे

प्रोग्राममध्ये 'न्यू' लिहिले की मेमरीत नवी जागा घेतली जाते, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. तो साहजिक आहे, कारण शिकवणी तिथूनच सुरू होते. पण कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारी प्रणाली) शब्दाला शब्द ठेवत नाही. तो आधी 'न्यू'ने बनणाऱ्या वस्तूचा प्रवास तपासतो. या तपासणीला एस्केप ॲनालिसिस (वस्तू फंक्शनबाहेर पोचते का, याचा शोध) म्हणतात.

यवतमाळच्या बाजार समितीत कापसाची गाडी आली की आवक नोंदली जाते, काटा होतो. देव्हाऱ्यातल्या वातीसाठी घरातच काढलेल्या मूठभर कापसाची नोंद कोणी करत नाही. तसेच इथे. दोन गावांतले अंतर काढणारे फंक्शन 'बिंदू' नावाची वस्तू बनवते, तिचे क्ष आणि य वापरते आणि फक्त अंतर परत देते. बिंदू बाहेर जातच नाही. म्हणून क्ष आणि य हे दोन सुटे आकडे प्रोसेसरमध्येच राहतात, वस्तू बनतच नाही. तोच बिंदू बाहेरच्या यादीत टाकला, की त्याला हीपवर (दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंच्या सामायिक मेमरीत) जागा द्यावीच लागते.

जावा या भाषेत हे काम 'जावासी' (प्रोग्राम चालवण्याआधी तो उतरवणारा कंपायलर) करत नाही. ते जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालू असतानाच त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा) करतो. हीपवरची वस्तू पुढे वापरात येणार का, या शेजारच्या प्रश्नावर आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा महत्त्वाचा शोधनिबंध 2007 साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा 'न्यू' टाळण्यासाठी सुबोध प्रोग्राम गुंतागुंतीचा करण्याआधी त्याला लागणारा वेळ मोजून पाहा.