संगणकांतील घरचा हिशेब

महाराष्ट्रांतील पुष्कळ जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनहि रुमालांत बांधलेलीं दप्तरें सांपडतात. शाई उडालेली नसते, कागद कुजलेला नसतो, आणि तरीहि घरांतील पदवीधर नातवाला त्यांतील एक ओळ वाचतां येत नाहीं. कारण तो जमाखर्च मोडी लिपींत लिहिलेला असतो. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शाळांतून गेली, आणि तिच्याबरोबर त्या चोपड्यांचा अर्थहि गेला. मोडी वाचणारा मुद्दाम शोधून आणावा, तेव्हां कोठें पणजोबांनीं कोणाला किती रक्कम कर्जाऊ दिली होती हें कळतें.

संगणकावर ठेविलेल्या हिशेबावर हीच पाळी दहा-पंधरा वर्षांत येऊं शकते. मायक्रोसॉफ्ट मनी हें त्याचें ठळक उदाहरण होय. घरगुती जमाखर्चाचा हा प्रोग्रॅम १९९१ सालीं अमेरिकेंत निघाला आणि क्विकन ह्या तेथल्याच प्रोग्रॅमाशीं त्याची बरींच वर्षें चुरस चालली. जून २००९ च्या अखेरीस त्याची विक्री बंद झाली. जानेवारी २०११ मध्यें बँकांचे आंकडे तारेवरून आणून देण्याची सोयहि थांबली. कंपनीनें २०१० मध्यें एक शेवटची आवृत्ति फुकट दिली हें तिच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. त्यामुळें जुन्या फायली निदान उघडतां आल्या. परंतु त्या फाईलीची बांधणी बंदिस्त होती. सामान्य गृहस्थाजवळच्या दुसऱ्या कोणत्याहि प्रोग्रॅमाला ती सरळ वाचतां येत नसे. ज्यांनीं पंधरा-पंधरा वर्षें रोजच्या रोज नोंदी केल्या होत्या, त्यांना आपलाच हिशेब बाहेर काढण्यासाठीं वाट शोधावी लागली.

ती वाट होती क्यूआयएफ नांवाच्या मजकुराची. क्विकनसाठीं ठरविलेली ही लिहिण्याची एक साधी रीत आहे. प्रत्येक नोंद पांच-सहा ओळींची. ओळीचें पहिलें अक्षर पुढें काय आहे तें सांगतें. एका अक्षरापुढें तारीख, दुसऱ्यापुढें रक्कम, तिसऱ्यापुढें घेणाऱ्याचें नांव, आणि शेवटीं नोंद संपल्याची खूण. कोणीहि साक्षर मनुष्य ती फाईल उघडून डोळ्यांनीं वाचूं शकतो, हा तिचा मोठा गुण. दोष मात्र लहान नाहींत. मनी प्रोग्रॅमांतून एका वेळीं एकाच खात्याची निर्यात होई. बचत खात्यांतून मुदत ठेवींत पैसे टाकलेले असले, तर तीच रक्कम दोन्ही खात्यांच्या फायलींत येई. नवा प्रोग्रॅम सावध नसला तर ती दोनदां धरली जाई, आणि घर कागदोपत्रीं उगीच श्रीमंत किंवा उगीच दरिद्री ठरे.

येथें नक्कल आणि निर्यात ह्या दोन शब्दांतला भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. फाईल उचलून दुसऱ्या तबकडीवर ठेवणें ही नक्कल. तबकडी बिघडली, संगणक चोरीस गेला, तर नक्कल उपयोगी पडते. पण प्रोग्रॅमच नाहींसा झाला, तर मूळ आणि नक्कल दोन्ही सारखींच मुकीं. निर्यात म्हणजे आंतील मजकूर दुसऱ्या कोणालाहि वाचतां येईल अशा लिपींत लिहून काढणें. मोडीचें बाळबोध करण्यासारखेंच तें आहे. पुष्कळ सावध मंडळी दर रविवारीं नकला घेतात आणि निर्यात जन्मांत एकदांहि करीत नाहींत.

हिशेबाचा डेटाबेस म्हणजे काय, हें वहीखात्याच्या भाषेंत सांगितलें तर लवकर समजतें. कारकून आधीं रोजकीर्दींत व्यवहार टिपतो, मग तोच आंकडा खतावणींत त्या त्या खात्यावर उतरवतो. ह्या उतरवण्यांतच पुष्कळ चुका होतात. डेटाबेसांत व्यवहार एकदांच लिहिला जातो. रोजकीर्द आणि खतावणी हीं त्याच नोंदींकडे पाहण्याचीं दोन दारें असतात. ग्नूकॅश हा १९९८ पासून चालत आलेला, विनामूल्य मिळणारा आणि ज्याची अंतर्रचना कोणालाहि तपासतां येते असा प्रोग्रॅम उदाहरणादाखल घ्यावा. त्याच्या पोटांत मुख्य कोष्टकें तीन: खात्यांचें, व्यवहारांचें आणि व्यवहारांच्या हिश्शांचें. समजा, बँकेंतून १,८५० रुपये गेले. पैकीं १,६०० किराण्याचे आणि २५० औषधाचे. व्यवहार एक, पण हिस्से तीन: बँक उणे १,८५०, किराणा अधिक १,६००, औषध अधिक २५०. तिघांची बेरीज शून्य. लुका पाचोली ह्यानें १४९४ सालीं व्हेनिसमध्यें छापून प्रसिद्ध केलेली द्विनोंदी पद्धति ती हीच. संगणकानें तींत नवें कांहीं शोधलें नाहीं, फक्त ती मोडूं देत नाहीं.

पैशाचा आंकडा आंत कसा ठेवला जातो, हाहि एक मौजेचा विषय आहे. संगणक मूळचा दोन अंकांवर मोजणारा. एक भागिले तीन दशांशांत जसें कधींच संपत नाहीं, तसा एक दशांश त्याच्या पद्धतींत पुरता लिहितां येत नाहीं. दहा पैशांची बेरीज हजारों वेळां केली कीं सूक्ष्म फरक सांचत जातो आणि एकाद्या दिवशीं एक पैसा कोठें गेला तें कळेनासें होतें. म्हणून ग्नूकॅश रक्कम अपूर्णांकांत ठेवतो: १,८५० रुपये म्हणजे १,८५,००० छेद १००. म्युच्युअल फंडाचे युनिट बहुधा तीन दशांश स्थळांपर्यंत मिळतात. तेथें छेद १,००० चा. हिशेबासाठीं कोणताहि प्रोग्रॅम निवडतांना, तो पैसे पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत मोजतो कीं अंदाजी दशांशांत, हें विचारण्यासारखें आहे. त्याच्या पडद्यावरील रंगीत आलेखांपेक्षां हा प्रश्न अधिक मोलाचा.

ग्नूकॅशमध्यें फाईल ठेवण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत, म्हणजे एक्सएमएल ह्या मजकुरी बांधणींत, जतन करण्याची आज्ञा दिली कीं सगळी वही नव्यानें लिहिली जाते, आणि आधींची वही नांवापुढें दिवस, तास व मिनिट घालून शेजारीं ठेवली जाते. मुद्दाम बदल केला नाहीं तर अशा जुन्या वह्या तीस दिवसांनीं काढून टाकल्या जातात. दुसऱ्या प्रकारांत एस्क्यूलाइट नांवाचा डेटाबेस असतो. त्यांत प्रत्येक व्यवहार लिहितांक्षणींच पक्का होतो. वीज गेली तर नुकसान थोडें, पण जतन न करतां बाहेर पडून केलेली चूक पुसण्याची सोयहि नाहीं. बँकेचे पांचशे व्यवहार एकदम आंत घेण्यापूर्वीं येथें नक्कल न काढणें म्हणजे शुद्ध धाडस. ह्या एस्क्यूलाइटच्या कर्त्यांनीं त्याची देखभाल २०५० पर्यंत करण्याचा मनोदय जाहीर केलेला आहे, आणि अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें आंकड्यांचे संग्रह टिकविण्यासाठीं शिफारस केलेल्या प्रकारांत त्याला स्थान दिलें आहे. घरच्या हिशेबाला हा आधार कमी नव्हे.

एकच फाईल दोन संगणकांवरून एकाच वेळीं उघडूं नये, हें येथेंच सांगून टाकावें. पहिल्यानें उघडली कीं प्रोग्रॅम शेजारीं कुलुपाची एक छोटी फाईल ठेवतो. दुसऱ्याला इशारा मिळतो. तो इशारा झुगारून पतिपत्नींनीं आपापल्या संगणकावर नोंदी केल्या, तर ज्याचें जतन शेवटीं होईल त्याचा हिशेब उरतो आणि दुसऱ्याची संध्याकाळ फुकट जाते.

आतां निर्यातीकडे वळावें. सर्वांत जास्त चालणारा प्रकार सीएसव्ही: प्रत्येक ओळींत एक नोंद, आणि दोन रकान्यांमध्यें स्वल्पविराम. ह्याहून सोपें कांहीं असूं शकत नाहीं असें वाटतें. पण घोटाळे येथेंच होतात, आणि ते भारतांतील कुटुंबांना अधिक भोंवतात. पहिला घोटाळा स्वल्पविरामाचा. १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल, तर वाचणारा प्रोग्रॅम तिचे एक, पंचवीस आणि शून्य शून्य शून्य असे तीन रकाने करतो. म्हणून निर्यातींत रकमा स्वल्पविरामावांचून लिहाव्या. दुसरा घोटाळा तारखेचा. ०३/०४/२०२४ म्हणजे येथें ३ एप्रिल, पण अमेरिकन वळणाच्या प्रोग्रॅमाला तो ४ मार्च. आपल्याकडे १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदलतें, तेव्हां असा एक व्यवहार चुकला कीं तो गेल्या वर्षाच्या उत्पन्नांत जाऊन बसतो. आणखी वाईट असें कीं २५/०४ सारखी तारीख अमेरिकन वाचनांत बसतच नाहीं, म्हणून ती तशीच राहते. म्हणजे कांहीं नोंदी बरोबर, कांहीं उलट्या. तारीख वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमानें, २०२४-०४-०३ अशी ठेवली कीं वाद मिटतो. ग्नूकॅशच्या पसंतींत हा क्रम निवडतां येतो.

तिसरा घोटाळा खातेक्रमांकाचा. एक्सेल कोणत्याहि संख्येचे पंधराच अंक खरे ठेवतें. एकाद्या बँकेचा सोळा अंकी खातेक्रमांक त्यानें संख्या म्हणून घेतला, तर शेवटचा अंक शून्य होतो. क्रमांकाच्या आरंभीं शून्यें असलीं तर तीं गळून पडतात. फाईल नुसती पाहण्यासाठीं उघडली आणि जातांना सवयीनें जतन केली, एवढ्यानें हें घडतें. तो रकाना आयात करतांनाच मजकूर म्हणून घ्यावा. चौथा घोटाळा आपल्या लिपीचा. घेणाऱ्यांचीं नांवें देवनागरींत लिहिलीं असतील, तर फाईल यूटीएफ-८ ह्या सांकेतिकींत आहे हें वाचणाऱ्या प्रोग्रॅमाला सांगावें लागतें; नाहींतर वाण्याच्या नांवाजागीं भलतींच चिन्हें उमटतात. मजकूर गेलेला नसतो, चुकीचा वाचला गेलेला असतो. पण गोंधळून तसाच जतन केला कीं खरोखरच जातो.

निर्यात झाली म्हणजे काम झालें असें नाहीं. तिचा ताळा पाहिला पाहिजे. ग्नूकॅशच्या निर्यातींत वरील किराणा-औषधाच्या व्यवहाराच्या तीन ओळी येतात. साऱ्या मूल्यांच्या रकान्याची बेरीज घ्यावी. रुपयांतला हिशेब असेल तर ती शून्य आली पाहिजे. मग प्रत्येक खात्याची बेरीज पडद्यावरच्या शिलकेशीं ताडून पाहावी. सीएसव्हींत व्यवहार येतात, परंतु शेअरांचे भाव किंवा दर महिन्याला आपोआप पडणाऱ्या नोंदींचें वेळापत्रक त्या फाईलींत नसतें. म्हणून निर्यातीबरोबर मूळ फाईलीची नक्कलहि हवी.

रोजच्या निगेविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. महिन्यांतून एकदां बँकेच्या पत्रकाशीं मेळ घालावा. एका महिन्याचा फरक अर्ध्या तासांत सांपडतो, वर्षाचा फरक आठवडाभर छळतो. नकला दोन असाव्या आणि त्यांतील एक घराबाहेर. नवी आवृत्ति घालण्याआधीं नक्कल घ्यावी, कारण नव्या आवृत्तीनें लिहिलेली फाईल जुनीला उघडेलच असें नाहीं. वर्षांतून एकदां नक्कल खरोखर उघडून शिल्लक पाहावी. फाईल मोठी झाली म्हणून जुनीं वर्षें कापून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. घरच्या वीस वर्षांच्या नोंदी संगणकाला मुळींच जड नाहींत, आणि शेअर विकल्यावर भांडवली नफा काढतांना मूळ खरेदीची किंमत लागतेच. बाजारांत नोंदलेले शेअर ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले असतील, तर त्या दिवसाचा भावहि विचारांत घ्यावा लागतो.

राहिला एक प्रश्न, जो बहुतेक घरांत कोणी उघड विचारीत नाहीं. हिशेब एकच मनुष्य ठेवतो. त्याच्या माघारीं काय? भारतांत ज्या बँकखात्यांत दहा वर्षें व्यवहार होत नाहीं, त्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या योजनेनें उभारलेल्या ठेवीदार निधींत जाते. ती वारसांना मागतां येते, आणि शोधासाठीं ऑगस्ट २०२३ मध्यें उद्गम नांवाचें संकेतस्थळहि सुरू झालें. परंतु खातें होतें हेंच ज्या घराला ठाऊक नाहीं, तें घर शोध कशाचा घेणार? ज्या फाईलींत तीं सर्व खातीं ओळीनें मांडलेलीं आहेत, तीच परवलीच्या शब्दाअभावीं बंद राहिली, तर कष्टानें ठेविलेला हिशेब घरच्यांच्या कामीं येत नाहीं.

ह्यावर उपाय अगदीं जुन्या पद्धतीचा आहे. दर एप्रिलमध्यें, वर्षाचा ताळेबंद झाल्यावर, खात्यांची यादी आणि प्रत्येकाची शिल्लक कागदावर छापून घ्यावी. त्याखालीं हातानें चार गोष्टी लिहाव्या: प्रोग्रॅमाचें नांव व आवृत्ति, फाईल कोठें आहे, नकला कोठें आहेत, आणि परवलीचा शब्द कोणत्या पाकिटांत ठेविला आहे. तो कागद घराच्या खरेदीखताबरोबर कपाटांत ठेवावा आणि गेल्या वर्षींचा फाडून टाकावा. नाहींतर घरच्यांच्या हातीं नेमका जुना पडतो. पत्नीनें किंवा मुलानें एकदां तो हातीं घेऊन, कोणाला न विचारतां, फाईल उघडून दाखवावी. कोठें अडखळलें तर ती ओळ तेथल्या तेथें पुन्हां लिहावी.