अस्मानी, सुलतानी आणि घरगुती

संकटे दोन प्रकारची, अस्मानी आणि सुलतानी, असे आपण म्हणतो. बीड जिल्ह्यात चौसाळ्याकडची जुनी माळवदे पाहिली, म्हणजे मला तिसरा प्रकार आठवतो. दगड-चिखलाच्या जाड भिंती आणि डोक्यावर हातभर माती. उन्हाळ्यात आत केवढा गारवा! पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून निजलेल्या किल्लारी-सास्तूरकडच्या लोकांवर असलीच घरे कोसळली आणि सुमारे ८,००० माणसे गेली. धरणीकंप अस्मानी खरा. पण जीव घेतला तो आपणच रचलेल्या भिंतींनी. गळती थांबावी म्हणून माळवदावर नवी माती पडे, जुनी मात्र निघत नसे. वाचकहो, भूकंप टळत नाही, भार टळतो. दिवाळीला गावी जाल, तेव्हा माळवदावरची जादा माती उतरवा. आणि भिंत रंगवण्याआधी तिला फुगवटा तर आला नाही ना, तेही पाहा.